आक्रसलेल्या मूत्रपिंडातली गाठ

डायलिसिसवर असलेल्या माणसाला वाटतं, मूत्रपिंडं तर बंदच पडली, आता त्यांना आणखी काय होणार? पण होतं. आक्रसलेल्या मूत्रपिंडात पाण्याचे फोड, म्हणजे सिस्ट, धरू लागतात आणि डायलिसिसची वर्षं वाढतात तसे तेही वाढत जातात. (आनुवंशिक पॉलिसिस्टिक आजार वेगळा.) १९७७ साली ऑक्सफर्डच्या डनिल आणि सहकाऱ्यांनी हे फोड नोंदवले, तेव्हा काही मूत्रपिंडांत गाठीही सापडल्या. अशा मूत्रपिंडांत होणाऱ्या एका कॅन्सरला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या चाळणीसारख्या पेशीजालात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात, ध्रुवित प्रकाशात रंगीत चमकणारे.

मला काळजी वाटते ती वेगळीच. लघवीतून रक्त जाणं ही मूत्रपिंडाच्या कॅन्सरची ओळखीची खूण; इथे लघवीच जवळपास थांबलेली असते. त्यामुळे गाठ बऱ्याचदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसते. वेळीच सापडली, तर ते मूत्रपिंड काढता येतं. त्याचं काम तसंही यंत्रच करत असतं. प्रत्यारोपण झालं तरी जुनी मूत्रपिंडं सहसा पोटातच राहतात. तपासणी नव्या मूत्रपिंडाची होते, तेव्हा त्या दोघांचीही आठवण डॉक्टरांना करून द्या.