जंगलाचें मुद्दल आणि राष्ट्राची पेढी

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या कानांवर लहानपणापासून पडलेली आहे. मोंढ्यांतील धान्य, जिनिंगमधील कापूस, बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडाच्या गिरण्या आणि मोसंबीच्या बागा यांकडे पाहिलें म्हणजे ती अगदींच खोटी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पाळणा ज्या लांकडाचा करावयाचा, तें लांकूड या जिल्ह्यांत कोठें उरलें आहे, हा प्रश्न मात्र पेठेंत सहसा कोणी विचारीत नाहीं. आज तोच प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

जालना जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें ७,७०० चौरस किलोमीटर. त्यांतील वनाच्छादित भाग शेंकडा एकाच्या आसपास. सबंध देशाचें हेंच प्रमाण २०२३ च्या वनस्थिति-अहवालांत शेंकडा २१.७६ दाखविलें आहे. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीनें देशाच्या एक तृतीयांश भूमीवर जंगल असावें, डोंगराळ मुलखांत शेंकडा ६० व सपाटीवर शेंकडा २० असावें, असें ठरविलें होतें. सपाटीचें हें माप आमच्या जिल्ह्यास लावलें तर दीड हजारांवर चौरस किलोमीटर जंगल हवें. आहे तें त्याच्या विसाव्या हिश्शाच्या जवळपास. ज्या दुकानांत विसांतला एक रुपया शिल्लक राहिला आहे, त्याचा मालक रात्रीं स्वस्थ झोंप कशी घेईल? पण जिल्हा मात्र स्वस्थ झोंपला आहे.

व्यापारी वाचकांस वनशास्त्राचें मूलतत्त्व समजावून सांगण्यास फार शब्द लागणार नाहींत. उभें जंगल हें मुद्दल; वर्षाकांठीं त्यांत जी वाढ होते तें व्याज. व्याज खावें, मुद्दलास हात लावूं नये, एवढेंच तें तत्त्व. कोणत्या वर्षीं कोणता भाग तोडावयाचा, कोणता राखावयाचा, तोडलेल्या जागीं काय लावावयाचें, याची अनेक वर्षांची जी वही तयार करतात तीस कार्य-आयोजना म्हणतात. १८६४ सालीं जर्मन वनशास्त्रज्ञ ब्रँडिस हा हिंदुस्थानचा पहिला वन-महानिरीक्षक झाला, आणि ही पद्धत त्या सुमारास या देशांत रूढ होऊं लागली. पद्धत चांगली होती. पण पेढी कोणाची व व्याज कोणाच्या घरीं जावयाचें, याचा निवाडा परक्या सरकारनें आपल्या सोयीनें केला. आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास लांकूड हवें म्हणून १८७८ च्या कायद्यानें जंगलें राखीव झालीं आणि गांवकऱ्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे हक्क ‘सवलती’ बनले. गायरानें व कुरणें जंगलखात्यानें आपल्या पोटांत घातल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांस उभें राहण्यास जागा उरली नाहीं, ही तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत केली, ती याच व्यवस्थेविरुद्ध.

याहून निराळी दृष्टि या भूमींत पूर्वीं नव्हती असें नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाचा विचार आहे. राज्याच्या आरमारास सागवान हवें ही गरज तेथें मान्य केली आहे. पण रयतेचीं आंब्या-फणसाचीं झाडें बळानें तोडूं नयेत, झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मग तोडावें, अशी ताकीदही त्याच ठिकाणीं आहे. राष्ट्राची गरज आणि रयतेचा हक्क या दोहोंस एकाच वहींत जागा देणारा हा विचार आहे.

स्वराज्य आल्यावर आम्हीं कोणता मार्ग धरला? १९५२ ची वननीति राष्ट्रीय खरी. पण जंगलाशेजारच्या गांवाच्या गरजेपायीं राष्ट्रहितास बाध येऊं नये, असा तिचा रोख होता. आम्हीही राष्ट्रवादी आहों; म्हणूनच आम्हांस विचारावेंसें वाटतें कीं, गांव वजा केल्यावर जें राष्ट्र उरतें तें कोणतें? ही चूक ध्यानांत येण्यास छत्तीस वर्षें लागलीं. १९८८ च्या वननीतीनें सृष्टीचा समतोल हें प्रधान उद्दिष्ट ठरविलें, तात्कालिक आर्थिक लाभ त्याच्या खालीं ठेविला आणि स्थानिक लोकांच्या गरजेस मान दिला. २००६ सालीं वनहक्काचा कायदा झाला. त्याचें फळ पाहावयाचें असेल तर गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गांवाकडे पाहावें. २००९ सालीं त्या गांवास जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ सालीं बांबू तोडून विकण्याचा परवानाही ग्रामसभेच्या हातीं आला. मालकीची जाणीव झाली म्हणजे राखण आपोआप होते, हें त्या गोंड बंधूंनीं शहाण्यासुरत्यांस शिकविलें.

आतां कोणी म्हणेल कीं, गडचिरोलीची गोष्ट निराळी. जालन्याच्या व्यापारास जंगलाशीं काय कर्तव्य? त्यांस आम्ही २०१२-१३ च्या दुष्काळाची आठवण देतों. त्या वर्षीं हा जिल्हा महाराष्ट्रांतील अत्यंत पीडित जिल्ह्यांपैकीं एक होता. शहरास पाणी पुरविणारा घाणेवाडीचा तलाव आटला, टँकरांच्या रांगा लागल्या आणि वर्षानुवर्षें जोपासलेल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. बाग वाळली तेव्हां एकट्या शेतकऱ्याचें नुकसान झालें काय? आडत्याचें, वाहतूकदाराचें, बियाणें व खतें विकणाऱ्याचें, आणि उधारी दिलेल्या कापडवाल्याचेंही झालें. झाडें लाविलीं म्हणजे पाऊस पडतो, असा भाबडा दावा आम्ही करीत नाहीं. पण पडलेला पाऊस उतारावरून माती घेऊन धांवत सुटतो कीं जमिनींत मुरतो, हें माथ्यावर गवत व झाड आहे कीं उघडा मुरूम आहे यावर पुष्कळसें अवलंबून असतें. आणि वाहून गेलेली माती शेवटीं तलावांच्याच पोटांत जाऊन बसते.

याचा दाखला दूर शोधावयास नको. जालना तालुक्यांतील कडवंची गांवीं १९९६ नंतरच्या काळांत मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या साह्यानें व इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखालीं माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालें. आधीं माथ्यावर चर खणले, गवत व झाडें राखलीं, मग बांधबंदिस्ती केली आणि शेवटीं ओढ्यावर हात घातला. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान हीं बंधनें अशा कामाचा पाया होत. पुढें गांवांत द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या, शेततळीं झालीं, आणि २०१२ च्या दुष्काळांतही त्या बागा तगल्या. आमच्याच आकाशाखालीं, आमच्याच पावसांत हें घडलें. मग इतर गांवांत कां घडूं नये?

सरकार कांहींच करीत नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. २०१६ सालीं दोन कोटि, २०१७ सालीं चार कोटि, २०१८ सालीं तेरा कोटि व २०१९ सालीं तेहतीस कोटि रोपें लावण्याचे संकल्प या राज्यांत मोठ्या गाजावाजानें सोडण्यांत आले. पुढें त्या खर्चाच्या चौकशीसाठीं २०२१ सालीं विधिमंडळाची समिति नेमावी लागली. कोण्या एका पक्षावर दोष ठेवावा असा आमचा हेतु नाहीं. आमचा आक्षेप हिशेबाच्या रीतीवर आहे. किती खड्डे खणले, किती रोपें लाविलीं हें जाहीर होतें. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगलीं हें सांगण्याची कोणास घाई नसते. माल किती पाठविला एवढेंच लिहून वसुली किती आली तें न लिहिणारा मुनीम कोणता व्यापारी आठ दिवस तरी ठेवील?

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि तो अधिक नाजूक आहे. सरकारी जंगलाची जमीन थोडी. तेव्हां गायरानांकडे दृष्टि जाणार हें उघड आहे. परंतु मराठवाड्यांतील कित्येक गायरानें भूमिहीन दलित कुटुंबें पिढ्यान् पिढ्या कसून खात आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं १९५९ व १९६४ सालीं भूमिहीनांनीं सत्याग्रह करून तुरुंग भरले, ते याच भाकरीसाठीं. आणि १९९० पर्यंतचीं अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचें धोरण सरकारनें १९९१ सालीं स्वीकारलें. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जगपालसिंग खटल्यांत गांवचीं सामाईक जागा मोकळ्या करण्याची आज्ञा दिली. पण त्याच निकालांत भूमिहीनांस वा अनुसूचित जाति-जमातींस शासनानें दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवादही सांगितले आहेत. निकालाचा पूर्वार्ध वाचून गरिबाची झोपडी मोडावयाची आणि उत्तरार्ध वाचतांना धनिकाच्या कुंपणाकडे डोळेझांक करावयाची, असें झालें तर त्यास वनसंवर्धन म्हणतां येणार नाहीं. चराईबंदीचेंही तसेंच. ज्या विधवेचा संसार चार शेळ्यांवर चालतो, तिला बंदी करण्यापूर्वीं राखलेलें गवत कापून नेण्याचा पहिला हक्क दिला पाहिजे. नाहींतर गांवाच्या श्रीमंतीचा कर गांवांतील सर्वांत गरिबानें भरला असें होईल.

मग करावें काय? पहिली गोष्ट, जिल्ह्याच्या आठही तालुक्यांची वनवही तयार व्हावी. कोणत्या गांवीं किती वनजमीन, किती गायरान, कोणाच्या ताब्यांत, तिच्यावर आज काय उगवतें, हें सारें ग्रामसभेपुढें वाचलें जावें आणि मग दहा वर्षांची आयोजना आंखावी. दुसरी, लागवडीचें देणें रोप लावल्यावर सर्व न देतां निम्में तरी तें तीन वर्षें जगल्यावर द्यावें, आणि मोजणी गांवकऱ्यांसमक्ष व्हावी. तिसरी, गवत, लिंबोळी, सीताफळ, बांबू या उत्पन्नांत राखणाऱ्या गांवाचा हिस्सा आधींच लेखी ठरावा. तोंडी वचनावर जंगल राखलें जात नाहीं, हें वकिलीच्या धंद्यांत राहिलेल्या माणसास वेगळें सांगावें लागत नाहीं.

चौथी गोष्ट शेतांतील झाडांची. एवढें जंगल सरकारी जमिनीवर मावणार नाहीं. तें बांधावरच वाढलें पाहिजे. पण साग, आंबा, चिंच, जांभूळ अशीं झाडें १९६४ च्या राज्य-कायद्यानें मालकासही परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. हेतु संरक्षणाचा, परिणाम असा कीं, पुढें कचेरीच्या खेपा नकोत म्हणून शेतकरी रोपच उपटून टाकतो. २०१७ सालीं वनकायद्यांत दुरुस्ती करून जंगलाबाहेरील बांबूस ‘झाड’ या व्याख्येंतून वगळलें, तसाच विचार शेतांत लावलेल्या इतर उपयुक्त झाडांबाबत व्हावा. लागवडीची नोंद सातबाऱ्यावर असली म्हणजे तोडीची हरकत नसावी.

शेवटची गोष्ट पेठेची आहे. आमच्या बाजारांत न्यूझीलंडचें पाइन येतें. ब्रह्मदेशानें २०१४ सालीं ओंडक्यांची निर्यात बंद केली तेव्हां देशांतील सागाच्या वखारी कशा गांगरल्या, तें लांकडाच्या व्यापाऱ्यांस ठाऊक आहे. २०१५ पासून देशांत तयार होणाऱ्या युरियास निंबाच्या तेलाचें आवरण सक्तीचें झालें. म्हणजे वेशीवरच्या निंबाखालीं पडून कुजणारी लिंबोळी हा आतां विक्रीचा माल आहे. जालन्यानें बियाण्याचा धंदा उभारून देशास दाखविला. तेंच धाडस येथील व्यापारी रोपवाटिका, लिंबोळी-खरेदी व बांबू-कारखाना यांत कां दाखवूं नयेत? खरेदीदार निश्चित असला म्हणजे शेतकरी झाड कोणाच्या उपदेशावांचून लावील.

राष्ट्राची आर्थिक उन्नति दिल्लीच्या कचेरींत होते, असा कित्येकांचा समज आहे. तेथें आराखडा होतो. उन्नति भोकरदनच्या माळावर आणि मंठ्याच्या बांधावर व्हावयाची असते. आमच्या बापजाद्यांनीं मुद्दल खाल्लें असेल, आम्हींही खाल्लें. आतां निदान वही तरी उघडावी. येत्या ग्रामसभेंत प्रत्येक वाचकानें आपल्या गांवच्या माळाचा हिशेब मागावा, एवढीच आमची विनंती आहे. ज्या पेढीचा हिशेब मागणारा कोणी नसतो, तिचें दिवाळें निघण्यास दुष्काळाचीही वाट पाहावी लागत नाहीं.