दीडशेवरून चारशेवर: मोठी गाडी घेण्याआधी घरात बसून करायचा हिशेब

शंभर-दीडशे सीसीची गाडी पाच-सात वर्षे बिनतक्रार चालली, हात बसला, नोकरीत जम बसला, की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत एक विषय निघतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, आता जरा मोठी गाडी घेऊ या. आई म्हणते, कशाला? आहे ती काय वाईट आहे? आणि वडील विचारतात, ॲव्हरेज किती देते?

तिघांचेही बरोबर असते. म्हणूनच शोरूममध्ये जाण्याआधी घरात बसून थोडे बोलणे बरे. हा लेख त्यासाठी आहे. विषय तीनशे ते साडेचारशे सीसीच्या 'नेकेड' गाड्यांचा.

नेकेड म्हणजे काय?

समोर मोठी काच नाही, बाजूने प्लास्टिकचे कवच नाही, इंजिन आणि सांगाडा उघडा दिसतो, हँडल रुंद आणि बसणे बऱ्यापैकी सरळ. अशी गाडी म्हणजे नेकेड. आपली रोजची स्प्लेंडर किंवा पल्सर बसण्याच्या पद्धतीने याच जातीची आहे, त्यामुळे हात लवकर बसतो. गाडी पडली तर महागडे प्लास्टिक फुटत नाही. गर्दीत वळवायला सोपी जाते.

तोटाही सांगायला हवा. ताशी नव्वदच्या पुढे सगळा वारा छातीवर येतो. बेळगावहून कोल्हापूर हे शंभर-सव्वाशे किलोमीटरचे अंतर हायवेने भराभर कापू म्हटले, तर इंजिन थकत नाही, मान थकते. सामान ठेवायलाही जागा नसते.

उडी केवढी आहे?

स्प्लेंडरची ताकद साधारण 8 पीएस आणि वजन 112 किलोच्या आसपास. आजच्या चारशे सीसी गाड्या 40 पीएसच्या घरात आहेत आणि वजन 170 ते 185 किलो. म्हणजे ताकद पाचपट झाली आणि वजन दीडपट. दर किलोमागे मिळणारी ताकद तिपटीहून जास्त. पल्सर 150 वरून येणाऱ्यालाही ताकद जवळजवळ तिप्पट होते.

याचा अर्थ ॲक्सिलरेटरची सवय बदलावी लागते. जुन्या गाडीवर ओव्हरटेक करताना आपण मूठ पूर्ण पिळतो. तीच सवय नव्या गाडीवर राहिली, तर समोरची एसटी अपेक्षेपेक्षा फार लवकर जवळ येते.

ब्रेकचे गणितही लक्षात ठेवावे. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते. साठऐवजी नव्वदने गेलात तर ते सव्वादोन पट होते. नव्वदच्या वेगाला एका सेकंदात गाडी 25 मीटर पुढे जाते, आणि समोर म्हैस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच.

युरोपात तरुण नवशिक्याला थेट कितीही मोठी गाडी चालवता येत नाही. तिथे ए-टू नावाचा मधला परवाना असतो आणि त्यावर 35 किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालते. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा एकच परवाना, त्यावर शंभर सीसीही चालते आणि हजार सीसीही. मधली पायरी कायद्याने घातलेली नाही, ती आपली आपण घालावी लागते.

गाड्या कोणत्या?

या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांचे माहेर आपल्या जवळच आहे. बजाजने 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली, 2012 मध्ये 200 ड्यूक आणि 2013 मध्ये 390 ड्यूक भारतात आली. या गाड्या पुण्याजवळ चाकणला बनतात. 2023 ची ट्रायम्फ स्पीड 400 सुद्धा बजाजच चाकणला बनवते.

स्वभावाने या गाड्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट शांत गाड्यांचा. रॉयल एनफील्ड हंटर 350 ची ताकद फक्त 20 पीएसच्या आसपास, पण 27 न्यूटन मीटरची ओढ 4,000 फेऱ्यांनाच मिळते. गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. शंभर-सव्वाशे सीसीवरून येणाऱ्याला ही पायरी सर्वात सोपी. वजन मात्र 181 किलो, ते ढकलताना जाणवते.

दुसरा गट मधला. ट्रायम्फ स्पीड 400 आणि रॉयल एनफील्ड गुरिल्ला 450 यांची ताकद 40 पीएस. गुरिल्लाची 40 न्यूटन मीटरची ओढ 5,500 फेऱ्यांना येते, स्पीड 400 ची 37.5 ही 6,500 ला. दोन्ही गाड्या रोजच्या कामालाही चालतात आणि गोव्यालाही.

तिसरा गट तडफदार. केटीएम 390 ड्यूक, टीव्हीएस अपाची आरटीआर 310 आणि बजाज पल्सर एनएस 400 झेड. ड्यूक 399 सीसीची, 46 पीएसची आणि इथल्या सगळ्यांत चपळ. वळणात झुकलेली असतानाही तिचे एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल काम करते, पावसासाठी वेगळा मोडही आहे. गाडी उत्तमच, पण ती चालवणाऱ्याकडून शिस्त मागते. थेट शंभर सीसीवरून हिच्यावर येऊ नये, मध्ये दोनशेची एखादी गाडी वर्षभर चालवलेली असावी.

एबीएस दोन्ही चाकांना आहे ना, हे मात्र कोणत्याही गाडीत बघावेच. काही स्वस्त प्रकारांत ते फक्त पुढच्या चाकाला असते. चोर्ल्याच्या उतारावर पावसात मागचे चाक घसरले, तर वाचवलेल्या पैशांचा काही उपयोग नाही.

पाय टेकतात का? आणि मागे कोण बसणार?

सीटची उंची गुरिल्लाची 780 मिलिमीटर, ड्यूकची 820. चार सेंटीमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण उंची सव्वापाच फुटांच्या आत असेल तर सिग्नलला थांबताना तो कळतो. शोरूममध्ये रोजच्या चपला-बुटांसह बसून बघावे, गाडी स्टँडवरून उतरवावी आणि दहा पावले मागे ढकलून बघावी. घराच्या गेटातून, उतारावरून ती रोज आपल्यालाच काढायची आहे.

मागच्या सीटकडे फार कमी लोक नीट बघतात. नेकेड गाड्यांची मागची सीट अरुंद आणि उंच असते. साडी नेसून एका बाजूला बसणे तिथे जवळपास अशक्य आहे, निदान सुरक्षित तरी नाही. आईला देवळात सोडायचे, काकूंना बाजारात न्यायचे, हे ज्या घरात रोजचे आहे तिथे टेस्ट राइडला त्यांनाही न्यावे. मागे बसणाऱ्याला दोन किलोमीटर फिरवल्याशिवाय गाडी ठरवू नये.

यावर एक साधा उपाय आहे. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देऊ नका. सात वर्षे जुन्या गाडीचे मिळून मिळून किती मिळणार? ती घरी राहिली तर खडे बाजारातल्या गर्दीत, दूध-भाजीला, आईला सोडायला कामी येते. मोठ्या गाडीचे गरम इंजिन आणि रेडिएटरची पायावर येणारी गरम हवा अशा गर्दीत नकोशी होते.

खिशाचा हिशेब

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी 18 टक्के आणि त्यापुढच्या गाडीवर 40 टक्के आहे. मूळ किंमत दोन लाख धरली तर कर एकीकडे 36,000 आणि दुसरीकडे 80,000. म्हणून इंजिनचा नेमका आकडा कागदावर बघा.

विम्यातही 350 ची हीच रेघ आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे 150 ते 350 सीसीला तो 7,365 रुपये आणि त्यावर 15,117 रुपये, वर जीएसटी वेगळा.

पेट्रोल: महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला शंभर रुपये धरले, तर साठचे ॲव्हरेज देणारी गाडी सुमारे 1,700 रुपये खाते आणि तीसचे देणारी 3,300. दोन्ही टायर बदलायचे झाले तर दहा हजारांच्या वर खर्च सहज जातो. हप्ता ठरवताना हे धरूनच ठरवा.

आणखी एक गोष्ट, जी एजंट सहसा सांगत नाही. विम्यातले 15 लाखांचे सक्तीचे अपघात संरक्षण फक्त मालक-चालकाला असते. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असे असेल तर अपघातात मुलाला ते मिळत नाही. जो चालवणार, त्याच्याच नावावर गाडी घ्या. मागे बसणाऱ्यासाठीचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते, तेही विचारून घ्या.

आपल्या सीमाभागाची गोष्ट

महाराष्ट्रात रोड टॅक्स कर्नाटकापेक्षा कमी बसतो, म्हणून कोल्हापूरच्या किंवा चंदगडच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी घेण्याचा मोह होतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली, की तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे इथला कर भरा आणि तिकडचा परत मिळवायला खेपा घाला. राहता तिथेच नोंदणी करणे शेवटी स्वस्त पडते.

पहिले हजार किलोमीटर

पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत इंजिन जपून चालवा असे कंपनी सांगते. तो काळ चालवणाऱ्याच्याही शिकण्याचा समजावा. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर तीस-चाळीसच्या वेगाला दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून बघा. एबीएस चालू झाले की लिव्हर थरथरतो. पहिल्यांदा हे भर रस्त्यात घडले तर माणूस दचकून ब्रेक सोडतो.

या हजार किलोमीटरांत मागे कुणाला बसवू नका. पहिली लांब फेरी आंबोलीची असो, तीही कोरड्या दिवशी. तिलारीचा तीव्र उतार आणि चोर्ल्याचा पावसाळा नंतरसाठी ठेवा. उतारावर मोठे इंजिन गिअरमध्ये गाडी जास्त जोरात रोखते, म्हणून गिअर एकेक करून उतरवा. पांढरे पट्टे, ओला पाला आणि लाल माती यांच्यावर झुकलेल्या गाडीचा ब्रेक दाबू नका.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, आणि दोन. मागचे हेल्मेट घरी खुंटीवर राहिले तर ते घेतले नाही असेच समजा. जाड जॅकेट आणि हातमोजे यांचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा. ते बसत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्या.

घरातल्या तिघांचेही समाधान करणारी गाडी शोधली तर सापडते. मुलांनी आईला टेस्ट राइडला बोलवावे, आईने एकदा तरी मागे बसून बघावे, आणि वडिलांनी ॲव्हरेजबरोबर हेल्मेट किती घेतली हेही विचारावे.