फुटक्या कांचेचे अलंकार

संस्कृत सुभाषितकारांनीं कांचेवर जेवढा राग काढला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याहि निरुपद्रवी वस्तूवर काढलेला नाहीं. कांच आणि मणि यांची तुलना निघाली कीं मणि थोर ठरतो आणि कांच क्षुद्र. हितोपदेशकारांनीं तिच्याविषयीं एक बरा शब्द काढला, तोहि असा कीं, सोन्याच्या संगतीनें कांचेलासुद्धां पाचूचें तेज येतें. म्हणजे श्रेय पुन्हां सोन्यालाच! शाळेंत तीस-बत्तीस वर्षें हीं सुभाषितें मुलांकडून पाठ करून घेतांना माझ्या मनांत एक शंका नेहमीं येई. समोरच्या बांकांवर बसलेल्या मुलींच्या हातांत कांचेच्याच बांगड्या असत. त्यांच्या आयांचा हिरवा चुडा कांचेचा. आणि ज्यांच्यावांचून आपल्याकडे सोन्याच्या वाट्यांना कांहीं अर्थ नाहीं, ते मंगळसूत्राचे काळे मणीहि बहुधा कांचेचेच. आपलें साहित्य जिला क्षुद्र म्हणतें तिलाच आपला संसार सौभाग्य म्हणतो, ही मौज ध्यानांत ठेवून वाचकांनीं पुढील मजकूर वाचावा.

आमच्या डोंबिवलीच्या घरांत गेल्या चार-पांच वर्षांपासून एक नवा छंद शिरला आहे. सुटींत कोणी कोंकणांत गेलें, किंवा दिव्याहून गाडी धरून वसई-अर्नाळ्याच्या बाजूला एका दिवसाची फेरी करून आलें, कीं परततांना पिशवींत शंखशिंपल्यांबरोबर कांचेचे तुकडे येतात. तुकडे म्हणजे बोट कापणारे नव्हेत. कडा गोल झालेल्या, अंगावर दंव पडल्यासारखा धुरकट पापुद्रा, हाताला खडीसाखरेसारखा स्पर्श. इंग्रज लोक हिला सी-ग्लास म्हणतात. मी समुद्रकांच म्हणतों. माझी मोठी नात हे तुकडे निवडते, धुते, आणि चांदीच्या तारेंत गुंफून त्यांचे लोलक, कुड्या व पदकें करते. प्रथम मला हा रिकामपणाचा उद्योग वाटे. परंतु एक-दोनदां तिच्याबरोबर किनाऱ्यावर हिंडल्यावर या वस्तूची घडण समजून घ्यावी असें मनांत आलें.

कांच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना यांचा आगींत एकजीव झालेला रस. फुटलेली बाटली समुद्रांत पडली कीं तिच्यावर दोन प्रकारचें काम सुरू होतें. लाटा तिला वाळूंत व गोट्यांत पुन्हां पुन्हां लोळवितात, त्यानें कडा झिजतात. दुसरें काम डोळ्यांना न दिसणारें आहे. खारें पाणी कांचेच्या पृष्ठभागांतील सोड्याचा अंश हळूहळू ओढून घेतें आणि तेथें अतिसूक्ष्म खळगे पडतात. तो धुरकट पापुद्रा या दोन्ही कामांचें फळ. चांगला तुकडा तयार होण्यास दोन-तीन तपें सहज लागतात. हिशेब मांडला तर आज उचललेला तुकडा बहुधा माझ्या तरुणपणीं कोणीतरी फेकलेल्या बाटलीचा असावयाचा.

येथें ठाणेंकरांस व कल्याणकरांस एक निराशेची गोष्ट सांगून टाकतों. आपल्या दाराशीं खाडी आहे, मोकळा समुद्र नाहीं. आणि खाडी हें काम करीत नाहीं. ठाण्याच्या खाडींत चिखल आणि तिवरांचें रान; भरती-ओहोटी होते, पण लाट आपटत नाहीं. चिखलांत रुतलेली कांच पन्नास वर्षांनींहि तितकीच धारदार निघेल. शिवाय त्या खाडीचा मोठा भाग सन २०१५ पासून रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाला आहे, तेव्हां तेथें पाय घालण्याचें कारणहि नाहीं. लाट, खडक आणि जुनी मनुष्यवस्ती हीं तिन्ही जेथें एकत्र असतील तेथें पाहावें. नुसत्या मऊ वाळूचा लांबलचक किनारा डोळ्यांना सुंदर दिसतो, परंतु या कामीं फारसा उपयोगी नाहीं. जुन्या बंदरांच्या आसपास, पाण्यांत शिरलेल्या खडकांच्या बेचक्यांत, ओहोटी लागल्यावर तासाभरानें शोधलें तर कांहीं हातीं लागतें. आम्हांला अर्नाळ्यास एका सकाळीं सात तुकडे मिळाले, आणि दुसऱ्या खेपेस एकहि नाहीं.

परदेशांत या छंदाचीं तीर्थक्षेत्रें आहेत. इंग्लंडांत डरहॅम परगण्यांत सीहॅम म्हणून गांव आहे. तेथें सन १८५३ पासून १९२१ पर्यंत बाटल्यांचा मोठा कारखाना चालला, आणि उरलेली, बिघडलेली कांच रोज समुद्रांत लोटली जाई. एकाच गोळ्यांत दोन-तीन रंग मिसळलेले तुकडे तेथें अजून सांपडतात. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत फोर्ट ब्रॅग या गांवानें सन १९६७ पर्यंत आपला कचरा कड्यावरून समुद्रांत ढकलला. आज तोच किनारा कांचेच्या खड्यांनीं चमकतो, सरकारी उद्यानांत सामील झाला आहे, आणि तेथून तुकडे उचलण्यास मनाई आहे. उकिरड्याचें उद्यान झालें तें असें.

आपल्याकडे कांचेच्या वस्तु फेकण्याइतक्या स्वस्त उशीरां झाल्या. सन १९०८ मध्यें तळेगांवास पैसाफंडाचा कांच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर हिंडून एकेक पैसा जमविला आणि लोकमान्य टिळकांनीं त्या कार्यास पाठबळ दिलें, ही हकीकत आमच्या पिढीस वडीलधाऱ्यांच्या तोंडून ठाऊक आहे. पुढें सन १९१६ मध्यें कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं कारखाना काढला; त्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडांत महाराष्ट्रांतील किती मुलांनीं अभ्यास केला याची गणती नाहीं. त्या काळीं कंदिलाची कांच फुटली तर घरांत सुतक पडल्यासारखें होई. बाटली धुऊन पुन्हां वापरीत, फुटलेली भंगारवाल्यास देत. म्हणून आपल्या किनाऱ्यावर सीहॅमसारखी लूट नाहीं. मिळतें तें थोडें, आणि त्यांत सोड्याच्या, औषधांच्या व दारूच्या बाटल्यांचा भरणा अधिक.

रंगावरून थोडें वंशज्ञान होतें. वाळूंत लोखंडाचा अंश असतो, त्यानें कांच फिकट हिरवी-निळसर उतरते. जुन्या सोड्याच्या बाटल्यांचा रंग तो. गोटीच्या सोड्याची बाटली हायरम कॉड नांवाच्या इंग्रजानें काढली व सन १८७२ मध्यें तिचा हक्क नोंदविला. तिच्या मानेंतील गोटीसाठीं बाटल्या फोडण्याचा पराक्रम मुलांनीं विलायतेंत केला तसाच येथेंहि केला. अशी समुद्रानें घांसलेली गोटी मिळाली तर तिचें पदक दृष्ट लागण्यासारखें होतें. गडद निळा रंग कोबाल्टाचा. औषधांच्या व विषाच्या बाटल्यांना तो मुद्दाम देत. कांच स्वच्छ पांढरी दिसावी म्हणून पूर्वीं तींत मँगनीज घालीत. अशी कांच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली कीं तिला फिकट जांभळी झांक येते. तांबडा तुकडा अतिशय दुर्मिळ. तो मला अजून दिसलेला नाहीं. तपकिरी मात्र पुष्कळ, आणि तपकिरी म्हणजे बहुधा बीअरची बाटली. यावरून आमच्या घरांत एकदां चांगलाच वाद झाला. "दारूच्या बाटलीचा तुकडा गळ्यांत घालावयाचा?" असें आमच्या मंडळींनीं विचारलें. नातीनें उत्तर दिलें, "आजी, तीस वर्षें रोज दोन वेळां समुद्रस्नान केलें आहे त्यानें, आपल्या घरांत इतकें सोंवळें कोणाचें आहे?" यावर धर्मशास्त्रांत मला तरी उत्तर सांपडलें नाहीं.

ही कांच-मण्यांची आवड आपल्या प्रांताला नवी नाहीं. कल्याण आणि सोपारा हीं दोन्ही बंदरें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवृत्तांत आलेलीं आहेत; आणि त्याच वृत्तांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाच्या यादींत कच्च्या कांचेचाहि उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनारानें पाण्याचें टांकें दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे आमच्या कल्याणांत सोनारकाम अठराशें वर्षांपूर्वीं दानधर्म करण्याइतकें भरभराटीचें होतें. कौटिल्यानेंहि रत्नांच्या प्रकरणांत काचमणींची दखल घेतली आहे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या आपल्या विद्वानानें भारतीय कांचेचा इतिहास इंग्रजींत लिहिला, तो मुंबई विद्यापीठानें सन १९६९ मध्यें प्रसिद्ध केला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचें उत्खनन त्यांनीं व डॉ. सांकळिया यांनीं सन १९४५-४६ मध्यें केलें. तेथें जमिनीखालीं कांचेच्या बांगड्यांचे तुकडे विपुल निघाले. राजे गेले, वाडे गेले, आणि मागें राहिल्या त्या कासाराच्या बांगड्या!

आतां प्रत्यक्ष कृति. तुकडे दोन दिवस गोड्या पाण्यांत भिजवून मऊ ब्रशानें घांसावे, म्हणजे मीठ निघतें. तेल लावूं नये. तेलानें क्षणभर चमक येते आणि जन्माची धुरकट कांति मरते. घांसून झिलई तर मुळींच देऊं नये, कारण समुद्रानें तीस वर्षांत जें दिलें तें आपण पांच मिनिटांत काढून टाकतों. सर्वांत सोपी रीत तारेची. चांदीची बारीक तार तुकड्याभोंवतीं दोन-तीन वेढे देऊन वर फांसा करावा. एक बारीक पक्कड व एक चिमटा एवढ्यावर भागतें. वेज पाडावयाचें असेल तर हिरकणीच्या टोंकाचें बारीक गिरमिट लागतें, आणि तुकडा पाण्यांत बुडवून हळूहळू काम करावें लागतें. पाणी नसेल तर कांच तापून तडकते व तिची धूळ छातींत जाते. म्हणून लहान मुलांच्या हातीं हें काम देऊं नये. तिसरी रीत कोंदणाची. त्यासाठीं सराफाकडे जावें लागतें. ओबडधोबड तुकड्याला कोंदण करणें गोल खड्यापेक्षां कठीण, कारण प्रत्येक तुकड्याचा घाट निराळा. आमच्या नेहमींच्या सोनारानें पहिल्यांदां तो तुकडा उजेडांत धरून पाहिला आणि विचारलें, "गुरुजी, हा खडा कोणता?" बाटली म्हटल्यावर हंसला, पण कोंदण मन लावून केलें, आणि मजुरी मात्र खड्याचीच घेतली.

बाजारांत यंत्रांत घोळवून किंवा आम्लांत बुडवून केलेली नकली समुद्रकांचहि मिळते. तिचा पापुद्रा सर्वत्र सारखा व गुळगुळीत असतो. खऱ्या तुकड्यावर भिंगांतून पाहिलें तर नखाच्या कोरीसारख्या बारीक खुणा दिसतात, आणि एक बाजू दुसरीपेक्षां अधिक झिजलेली असते.

एवढें सांगून थांबलों असतों, परंतु या छंदाचा एक परिणाम आमच्या घरांत झाला तो सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. माझे थोरले बंधु सन १९८९ मध्यें वारले. वहिनी तेव्हां चौतीस वर्षांच्या होत्या. दहाव्या दिवशीं जें करावयाचें तें वडील बायकांनीं केलें. एरव्हीं बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणणारी आपली भाषा त्या दिवशीं सौम्य शब्द शोधीत बसत नाहीं. त्यानंतर वहिनींच्या हातांत सोन्याची एक एक पाटली राहिली. कांच पुन्हां आली नाहीं. कोणी घालूं नका म्हटलें नाहीं, कोणी घाला म्हटलें नाहीं, आणि वर्षें गेलीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवाच्या ग्रामपंचायतीनें ता. ४ मे २०२२ रोजीं बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें वगैरे प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनीं तोच कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. ती बातमी मी घरांत मोठ्यानें वाचून दाखविली होती. वहिनी भाजी निवडीत होत्या. "गांवानें ठराव केला तें बरें झालें, भावजी," एवढेंच म्हणाल्या.

गेल्या वर्षीं नातीनें हिरव्या तुकड्यांच्या कुड्या व एक लोलक केला आणि घरांतल्या सगळ्या बायकांपुढें ताट मांडलें. ज्यानें त्यानें आपापलें उचललें. लोलक राहिला. वहिनींनीं तो हातांत घेऊन खिडकीशीं धरला आणि विचारलें, "ही बांगडीची कांच का ग?" नात म्हणाली, "नाहीं, मोठी आजी, बाटलीची. पण फुटलेलीच." वहिनींनीं तो बोटानें चांचपून पाहिला, कोठें टोंचतो का म्हणून, आणि मग गळ्यांत घातला. आमच्या मंडळींनीं मागून फांसा लावून दिला. चैत्रांतल्या हळदीकुंकवाला त्या तो घालून पुढच्या खोलींत बसल्या. आलेल्या बायकांपैकीं एकीनें डोळे मोठे केले असें मला कळलें; दोघींनीं असा लोलक कोठें मिळेल म्हणून विचारलें. कांचेच्या बांगड्या वहिनी आजहि घालीत नाहींत, आणि त्यांना कोणी आग्रहहि करीत नाहीं.

एक गोष्ट छंद्यांसाठीं राहिली. परदेशांतील कांहीं मंडळींची रीत अशी कीं, पुरता न झिजलेला, धार असलेला तुकडा सांपडला तर तो पुढच्या पिढीसाठीं समुद्रांत परत फेकावा. कल्पना काव्यमय आहे, पण मला ती मान्य नाहीं. आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांचीं मुलें अनवाणी धांवतात आणि बायका अनवाणी पायांनीं मासळी वाळत घालतात. म्हणून आम्ही जातांना दोन पिशव्या नेतों. चांगले तुकडे कापडी पिशवींत, आणि धारेचे जाड गोणपाटाच्या पिशवींत. ही दुसरी पिशवी डोंबिवलीस आल्यावर भंगारवाल्याकडे जाते. तो वजन करून दोन-चार रुपये हातावर ठेवतो, आणि दर वेळीं विचारतो कीं, एवढ्याकरितां गुरुजी समुद्रापर्यंत जातात?