कुंडीच्या तळाशी अडलेलं पाणी

सदाफुली मुद्दाम लावावी लागत नाही. जुन्या भिंतीच्या फटीत, गटाराच्या कडेला, कोकणात तर खाऱ्या वाऱ्यातसुद्धा ती वर्षभर फुलत राहते. हीच सदाफुली नर्सरीतून आणून छानशा कुंडीत लावावी, रोज न चुकता पाणी घालावं, तर ऐन पावसाळ्यात ती बुंध्याशी काळी पडून आडवी होते. माती चांगली, खत चांगलं, मग बिनसलं कुठे? बहुतेक वेळा कुंडीच्या तळाशी. कुंडी म्हणजे जमिनीचाच छोटा तुकडा असं आपण धरून चालतो. पाण्याच्या दृष्टीनं मात्र ती फार वेगळी जागा आहे, आणि गॅलरीतली किंवा ओट्यावरची फुलं किती बहरतील हे रंगसंगतीच्या कितीतरी आधी तिथे ठरतं.

जमिनीत पाऊस मुरतो तेव्हा खालची कोरडी माती वरच्या ओल्या मातीतलं पाणी ओढून घेते आणि ते खोलवर उतरत जातं. कुंडीत ही ओढ भोकापाशी तुटते. भोकाखाली हवा असते, आणि हवा पाणी ओढत नाही. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या मात्र पाणी घट्ट धरून ठेवतात. हे केशाकर्षण. पोकळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं, हा नियम जेम्स ज्युरिन या इंग्रज शास्त्रज्ञानं १७१८च्या सुमारास मांडला. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी साधारण तीन सेंटिमीटर चढतं. एक दशांश मिलिमीटरच्या नळीत तीस सेंटिमीटर. कुंडीतही असंच होतं. पाणी भोकातून गळायचं थांबलं म्हणजे निचरा पूर्ण झाला असं आपल्याला वाटतं, पण तळाशी काही सेंटिमीटरचा थर तेव्हाही काठोकाठ भरलेला असतो. या थराची उंची मातीच्या पोतावर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नाही. समजा एखाद्या मिश्रणात हा थर पाच सेंटिमीटरचा आहे. तीस सेंटिमीटर खोल कुंडीत तो तळाचा सहावा हिस्सा व्यापेल. दहा सेंटिमीटरच्या उथळ, दिसायला नाजूक कुंडीत मात्र निम्मी मुळं चिखलात राहतील.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भांडी घासायचा नवा, चौकोनी स्पंज घ्या. तो पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा आणि ठिबकणं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. आता न दाबता तो लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. तेही थांबलं की आखूड कडेवर उभा करा, आणखी पाणी पडेल. स्पंज तोच, त्यातल्या पोकळ्याही त्याच. फक्त उंची वाढली आणि तळाशी साचलेल्या पाण्याला रुंद बूड उरलं नाही. पसरट कुंड्यांत रोपं का कुजतात हे या दोन मिनिटांत जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. मुलांना हा प्रयोग जरूर करायला लावा.

तळाशी विटांचे तुकडे नाहीतर खडीचा जाड थर घालायची आपली जुनी पद्धत इथे तपासून पाहायला हवी. बारीक मातीखाली मोठ्या पोकळ्यांचा थर आला की वरचं पाणी त्यात सहजी उतरत नाही. वरची माती तळाशी जवळपास पूर्ण भरेपर्यंत ती पाणी सोडत नाही. त्यामुळे तो चिखलाचा थर जिथे होता तिथून उचलला जाऊन मुळांच्या आणखी जवळ येतो. मातीच्या आणि खड्यांच्या आकारानुसार यात थोडाफार फरक पडतो, पण कुंडीतली मोलाची जागा खड्यांना देण्यात फायदा फारसा नाही. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापराचा एक बाकदार तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरतो.

पाणी साचल्यानं मूळ कुजतं असं म्हणतात, पण आधी ते गुदमरतं. मुळं सतत श्वसन करतात. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. शिवाय पाण्यातून तो पसरतो हवेपेक्षा साधारण दहा हजार पट सावकाश. काही तासांतच मुळांच्या पेशींची ऊर्जा आटते, पेशीद्रव आम्लधर्मी होतं आणि पेशीपटलातली पाणी आत घेणारी प्रथिनं आपले मार्ग बंद करतात. या प्रथिनांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. परिणाम असा की पाण्यात उभं असलेलं रोप पाण्यावाचून माना टाकतं. आपण ती मान टाकलेली पाहतो, कळवळून आणखी एक तांब्या ओततो आणि ते रोप हातचं जातं. म्हणून मलूल रोप दिसलं की आधी बोट दोन पेरं मातीत खुपसावं. आत ओल असेल तर पाणी घालू नये, कुंडी सावलीत सरकवावी.

आपल्याकडची काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत नाही. दख्खनच्या बसाल्टपासून बनलेल्या या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण मोठं आहे. भिजली की ती फुगून हवेच्या वाटा बुजवते. वाळली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या थाळीत येतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. नर्सरीवाले देतात ती लाल माती किंवा पोयटा एकटा वापरला तरी वर्षभरात दाबून घट्ट होतो. मिश्रणात माती तिसऱ्या हिश्शाहून जास्त नसावी असं माझं मत आहे. बाकी कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि पोकळ्या राखणारं काहीतरी भरड: विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, भाताचं तूस किंवा पर्लाइट. तुसात सिलिका भरपूर असल्यानं ते लवकर कुजत नाही. वाळू घालायची तर चाळून जाडच घ्यावी. बारीक वाळू पोकळ्या मोकळ्या करण्याऐवजी भरून टाकते. कोकोपीट मात्र वापरण्याआधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं, त्यात क्षार असतात.

हलक्या मिश्रणाचा आणखी एक फायदा उंच इमारतीत राहणाऱ्यांना लगेच पटेल. ओल्या मातीचं वजन लिटरमागे दोन किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पंधरा लिटरची एक कुंडी पंचवीस-तीस किलोची. अशा दहा कुंड्या कठड्याला ओळीनं लावल्या की स्लॅबच्या कडेवर किती भार येतो याचा हिशेब करून पाहावा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीसाठी उसाची चिपाडं वापरली, त्यात वजनाचाही विचार होताच. सेंद्रिय भर कुजून खाली बसते, हे खरं. दरवर्षी मिश्रणाची पातळी चार बोटं उतरते आणि तेवढी भर पुन्हा घालावी लागते.

कुंडी कशाची घ्यावी? उन्हाच्या गॅलरीत मी मातीचीच सांगेन. भाजलेल्या मातीची भिंत सच्छिद्र असते. माठासारखंच तिच्यातून पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि मुळं थंड राहतात, शिवाय भिंतीतून थोडी हवाही आत जाते. बाहेरून चढणारा पांढरा थर म्हणजे बोअरच्या जड पाण्यातले क्षार. तो ब्रशनं घासून काढावा. तो झाकायला तैलरंग लावला की छिद्रं बुजतात आणि मातीची कुंडी गुणांनी प्लास्टिकची होते. गेरूनं हे होत नाही, आणि हिरव्या पानांशेजारी गेरूचा रंग जितका खुलतो तितका दुसरा कुठला खुलत नाही. पश्चिमेच्या उन्हातली काळी प्लास्टिकची कुंडी एप्रिलमध्ये त्या बाजूच्या मुळांना अक्षरशः शिजवते. प्लास्टिकच वापरायचं असेल तर ती कुंडी टोपलीत किंवा मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मध्ये हवेची फट राखावी.

झाडं निवडताना गॅलरीची दिशा पाहावी, आणि ऋतूही. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास आणि मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलैअखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत वरच्या छतामुळे थेट ऊन जवळपास येतच नाही. डिसेंबरात पुण्यात तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेला ४८ अंशांवर असतो आणि ऊन गॅलरीत आतपर्यंत पोचतं. म्हणजे दक्षिणेची गॅलरी हिवाळी फुलांसाठी वरदान: पिटुनिया, फ्लॉक्स, डायॅन्थस, कॅलेंड्युला. उत्तरेला कोलियस आणि इम्पेशन्ससारखी सावली सोसणारी झाडं सुखी राहतात.

एकाच मोठ्या कुंडीत मधे उंच, भोवती भरगच्च आणि कडेनं लोंबणारं असं लावलं की ती खरोखर देखणी दिसते. पण ही जोडी उंचीआधी तहानेवर जुळवावी. सदाफुलीभोवती ऑफिस टाइम उत्तम. ऑफिस टाइमची मांसल पानं पाणी साठवतात, आणि तिच्या कुळात उन्हाळी गवतांची व निवडुंगांची अशा प्रकाशसंश्लेषणाच्या दोन्ही काटकसरी रीती एकत्र आढळतात, जे वनस्पतींत दुर्मीळ आहे. दोघींनाही दोन पाण्यांमध्ये माती वाळलेली चालते. याच कुंडीत तेरडा लावला तर तो रोज पाणी मागेल, आणि त्याचे लाड पुरवताना सदाफुली जाईल.

रंगांबाबत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आपण बहुतेक जण गॅलरीत बसतो ते दिवेलागणीला. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम करू लागतात. त्यांची संवेदनक्षमता निळ्या-हिरव्या प्रकाशाला, ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वाधिक असते; लाल प्रकाश त्यांना जवळपास जाणवतच नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुलांचेच रंग पाहताना हे टिपलं. त्यामुळे दुपारी झगमगणारा लाल पिटुनिया सात वाजता काळपट होतो आणि शेजारचा निळा किंवा पांढरा उठून दिसतो. लाल, केशरी फुलं रस्त्याच्या बाजूला कठड्यावर ठेवावीत. आत खुर्चीजवळ पांढरी, निळी, फिकी जांभळी, आणि कठड्याच्या जाळीवर गोकर्ण. उन्हाळ्यात मोगरा.

शेवंती लावणार असाल तर गॅलरीतला दिवा रात्री बंद करता येतो का ते आधी पाहा. शेवंतीला कळ्या धरायला लांब, अखंड अंधार लागतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ती पानंच वाढवत बसते. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत येत असेल तर कुंडी आडोशाला सरकवावी.

पाऊस ओसरला की हिवाळी फुलांच्या पेरणीची वेळ झाली. जुन्या कुंड्या रिकाम्या करून मिश्रण उन्हात वाळवून घ्या. खालच्या थाळ्या पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं ओतून टाकत चला. साचलेलं पाणी तळाचा चिखल वाढवतं, आणि डेंग्यूचा डासही अशाच थाळीत अंडी घालतो. पिटुनियाचं बी धुळीइतकं बारीक असतं. ते ट्रेमध्ये ओलसर कोकोपीटवर नुसतं भुरभुरावं आणि वरून मातीनं झाकू नये, त्याला रुजायला उजेड लागतो.