मानधन आणि वेतन : अंगणवाडीच्या शिडीवरची तुटलेली पायरी



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. वेळ संपल्यामुळे तो तसाच राहिला, म्हणून आज त्याच्यापासूनच सुरुवात करू. त्यांच्या थोरल्या वहिनी गेली २६ वर्षं गावच्या अंगणवाडीत सेविका आहेत. आणि त्यांची स्वतःची मुलगी, म्हणजे या वहिनींची पुतणी, यंदा पर्यवेक्षिकेच्या परीक्षेतून निवडली गेली. खातं एकच, योजना एकच. पण मुलीचा एका महिन्याचा पगार काकूंच्या तीन-चार महिन्यांच्या कमाईइतका होणार. ते म्हणाले, "सर, अंगणवाडीतली रजिस्टरं कशी ठेवायची हे पोरीला वहिनींनीच शिकवलं. आता तीच त्यांच्यासारख्यांची रजिस्टरं तपासणार. याला अन्याय म्हणायचं की नशीब?"

आपण दोन्ही शब्द जरा बाजूला ठेवू आणि तिसराच एक शब्द हातात घेऊ. तो म्हणजे मानधन.

आम्हा निवृत्त प्राध्यापकांना हा शब्द चांगला ओळखीचा आहे. व्याख्यान झालं की शाल, श्रीफळ आणि एक पाकीट हातात येतं. पाकिटात किती आहे हे विचारायचं नाही, सगळ्यांसमोर उघडून बघायचं नाही. मानधन म्हणजे कामाचा मोबदला नव्हे. तुमच्या वेळेचं मोल आम्हाला करता येत नाही, हे मान्य करून दिलेली भेट. निवृत्तिवेतन चालू असलेल्या माणसाला हे छान परवडतं. पण जिच्या घराची चूल त्या रकमेवर पेटते, तिलाही हाच शब्द लावला तर काय होतं? आजचा विषय खरं तर एवढाच आहे.

आता शिडी पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशभर सुमारे १४ लाख अंगणवाड्या मंजूर आहेत, महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक. सेवा सहा : पूरक पोषण आहार, शाळापूर्व शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. ग्रामीण भागात प्रकल्पाच्या डोक्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा परिषदेत उपमुख्य कार्यकारी अधिकारी. प्रकल्प अधिकाऱ्यांच्या खाली पर्यवेक्षिका, जिला जुने लोक अजून मुख्यसेविका म्हणतात. तिच्याकडे साधारण पंचवीस अंगणवाड्या. आणि प्रत्येक अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस.

प्रकल्प अधिकारी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. पर्यवेक्षिका सरळसेवेने यायची तर पदवी लागते, आणि तिची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० अशी आहे. ३५,४०० हे नुसतं मूळ वेतन. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. दरवर्षी वेतनवाढ ठरलेली. महागाई वाढली की भत्ता वाढतो, त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही.

एक पायरी खाली उतरा. इथे वेतनश्रेणी हा शब्दच संपतो. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० केलं आणि मदतनिसांचं १,५०० वरून २,२५०. यावर प्रत्येक राज्य आपापली भर घालतं, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडली की त्याच कामाची किंमत बदलते. महाराष्ट्रात मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५०० झालं. तरीही त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून संप झाला, तो दीड महिन्याहून अधिक चालला. २०२४ मध्ये सरकारने पुन्हा वाढ केली. आकडे जरा बाजूला ठेवा, ते वाढतात कसे ते बघा. वेतन नियमाने वाढतं. मानधन घोषणेने वाढतं. आणि घोषणा होण्याआधी बहुधा आझाद मैदानावर बसावं लागतं.

मग कुणी म्हणेल, सेविकेनं बढती घ्यावी की! घ्यावीच. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं अनुभव असलेल्या सेविकांमधून भराव्यात. ऐकायला चांगलं वाटतं. पण जरा तोंडी हिशोब करू. पंचवीस अंगणवाड्यांना एक पर्यवेक्षिका, म्हणजे पन्नास सेविकांमागे दोन. त्यातली निम्मी, म्हणजे एक. सगळ्या जागा भरल्या, सगळं वेळेवर झालं असं धरलं तरी पन्नासांतली एक वर जाणार, आणि ती एकदा बसली की पुढची वीस-वीस वर्षं ती जागा रिकामी होणार नाही. उरलेल्या एकोणपन्नास जणी रुजू झाल्या त्याच पायरीवरून घरी जाणार. त्यात सेविका स्थानिक रहिवासी असावी ही अट. अट चुकीची नाही, गावातल्या पोरांना गावचीच बाई हवी. पण ज्या बाईला बदली नाही, दुसऱ्या गावी जास्त पैशांची तीच नोकरी शोधण्याची सोय नाही, तिच्याकडे घासाघीस करायला काय उरतं?

इथे थोडं मागे जाऊ, कारण ही तुटकी पायरी कुणी दुष्टाव्याने केलेली नाही. तिची मुळं एका चांगल्या गोष्टीत आहेत.

अंगणवाडी ही कल्पना आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं ठरलं. खरी कल्पना तेवढीच, आणि ती फार मोठी होती. या बायकांनी पगाराकडे बघून काम केलं नाही, हे खरंच आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

पण सरकारने ही कल्पना उचलली तेव्हा अंगणाबरोबर त्यागही उचलला. ताराबाईंनी जे स्वतः निवडलं होतं, ते लाखो बायकांच्या नेमणुकीची अट होऊन बसलं. मंडळी, आपण केलेला त्याग आणि आपल्याकडून गृहीत धरलेला त्याग, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात कर्त्याचं स्वातंत्र्य आहे. दुसऱ्यात दुसऱ्याच कुणाच्या अंदाजपत्रकाची बचत आहे.

अ‍ॅडम स्मिथ अर्थशास्त्राचा जनक म्हणून ओळखला जातो, पण माणूस आमच्या जमातीतला. ग्लासगोला नीतिशास्त्र शिकवायचा. १७७६ च्या आपल्या ग्रंथात तो विचारतो, निरनिराळ्या कामांचे दर वेगळे का असतात? त्याचं एक उत्तर असं, की प्रतिष्ठेच्या कामात प्रतिष्ठा हाच मोबदल्याचा मोठा भाग असतो, त्यामुळे पैसे कमी मिळाले तरी माणसं ते काम करतात. झालं, मानधनाची बाजू मांडणाऱ्यांना स्मिथ सापडला! पण त्याच प्रकरणात त्याने दुसरं कारणही दिलंय. ज्याच्यावर मोठा विश्वास टाकावा लागतो त्याला दर जास्त. सोनाराला जास्त, कारण आपण त्याच्या हाती सोनं देतो. वैद्याला जास्त, कारण त्याच्या हाती जीव देतो. आता आपण सेविकेच्या हाती काय देतो? तीन वर्षांचं मूल, त्याच्या वजनाची नोंद, गरोदर बाईचा आहार. स्मिथच्या दुसऱ्या कारणाने ती वरच्या रांगेत बसायला हवी. आपण पहिलं कारण तेवढं वापरलं. आणि तेही अर्धंच, कारण प्रतिष्ठा म्हणजे काय, तर गावात लोक 'ताई' म्हणतात.

आता कायद्याकडे येऊ. आम्ही वकील नाही, पण न्यायालयाची भाषा वाचण्यात तत्त्वज्ञानवाल्यांना रस असतोच. २००६ मध्ये कर्नाटक सरकार विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अंगणवाडी सेविका नागरी सेवेतल्या पदावर नाहीत. त्यांची पदं कायद्याने निर्माण झालेली नाहीत, ती एका योजनेचा भाग आहेत. योजना आज आहे, उद्या नाही. म्हणजे बघा, ३१ वर्षं चाललेली गोष्टही तात्पुरती असू शकते!

पुढे मे २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्या या स्त्रियांना कामगार माना, किमान वेतन द्या. शिफारस कागदावर राहिली. पण त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली, तिच्याकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. अन्न सुरक्षा कायदा आला. गरोदर व स्तनदा माता आणि सहा वर्षांखालची मुलं यांना अंगणवाडीतून आहार मिळणं हा कायदेशीर हक्क झाला. आता आईचा हक्क कायद्याने पक्का आणि तो हक्क तिच्या ताटात वाढणारी बाई मात्र तात्पुरती, हे तर्काला धरून कसं राहील?

दरम्यान आपल्याकडे एक विलक्षण प्रसंग झाला. २०१७ च्या संपानंतर मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना मेस्मा लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा. विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. पण त्या काही दिवसांत सरकारने एकाच बाईबद्दल दोन विधानं केली होती. मोबदल्याचा प्रश्न आला की ती मानसेवी, स्वेच्छेने काम करणारी. काम थांबवायचा प्रश्न आला की ती अत्यावश्यक, तिला थांबता येणार नाही. स्वेच्छेने सुरू केलेलं काम स्वेच्छेने थांबवता येत नसेल, तर त्यातली स्वेच्छा नेमकी कुठे असते? पहिल्या वर्षाच्या तर्कशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न घालायला हरकत नव्हती.

आता त्या घरातल्या काकू-पुतणीकडे परत येऊ. शिडीच्या वरच्या भागाला वेतन का, तर ते प्रशासन. खालच्या भागाला मानधन का, तर ती सेवा. अशी ही विभागणी. पण आज प्रशासन करतं कोण? सेविकेकडे अकरा रजिस्टरं दिली गेली. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. वजन, उंची, हजेरी, आहार सगळं मोबाईलमध्ये भरायचं. त्या वर्षी महाराष्ट्रात असंख्य सेविकांनी ते निकृष्ट फोन सरकारला परत केले, हे आपल्याला आठवत असेल. बऱ्याच जणी मतदार यादीचंही काम करतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचं काम आलं, दर अर्जामागे ५० रुपये ठरले. दिल्लीच्या पडद्यावर कुपोषणाचा जो आकडा दिसतो, तो पहिल्यांदा एका सेविकेच्या बोटाने टाइप झालेला असतो. म्हणजे प्रशासन पायरी उतरून खाली आलं, वेतन मात्र वरच थांबलं.

त्या मुलीला पगार जास्त मिळतोय, यात वाईट काही नाही. पंचवीस गावं फिरायची, वाडीत पाणी शिरलं, आहार आला नाही, खोलीचं भाडं थकलं, सगळ्याची तक्रार तिच्याकडे. तिचे पैसे तिने कमावलेले असतात. तेव्हा काकूंशी तिची तुलना करताना आपला राग चुकीच्या पायरीवर जाऊ नये, एवढंच त्या श्रोत्यांना सांगायचं आहे.

आणि आणखी एक गोष्ट त्यांना उपयोगी पडेल अशी. २५ एप्रिल २०२२ ला मणिबेन मगनभाई भारिया या गुजरातच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठावर न्या. अजय रस्तोगी आणि आपल्याकडचे न्या. अभय ओक. हे अर्धवेळ काम आहे, ही मांडणी त्यांनी स्वीकारली नाही. अन्न सुरक्षा कायद्यामुळे आता हे काम कायद्याच्या आधारावर उभं आहे, असं म्हटलं. आणि मग आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट केली : १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातली 'वेतन' या शब्दाची व्याख्या उघडली आणि मानधन त्यात बसतं, असं सांगितलं. सगळ्याच कारणांसाठी नाही, फक्त त्या कायद्यापुरतं. पण मानधन हे वेतन आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलं.

त्या कायद्याचा हिशोब असा होता : शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. वहिनींची वर्षं २६, म्हणून हिशोब अगदी सोपा होतो. २०२३ चे १०,००० धरले तर दीड लाख रुपये. त्यानंतरची वाढ धरली तर त्याहून जास्त. ते श्रोते आज ऐकत असतील तर वहिनींना सांगा, नेमणुकीचा आदेश आणि रुजू झाल्याच्या तारखेचा कागद नीट शोधून ठेवा. जुन्या नेमणुकांचे कागद प्रकल्प कार्यालयात मिळतीलच असं नाही, आणि वर्षं मोजायची तर पहिली तारीख लागते. तो कागद मिळवून द्यायला आता घरात एक पर्यवेक्षिका आहे.

चला, प्रश्न घेऊ.