आधी ब्रेक, मग इंजिन

2000 सालच्या सुमारास आलेली होंडा सिटी व्हीटेक आजही हौशी चालकांची लाडकी आहे: 1.5 लिटरचं इंजिन, शंभराहून अधिक अश्वशक्ती. पालघर-बोईसरकडची अशी जुनी गाडी चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर न्यायची असेल, तर पहिला खर्च ब्रेकवर करावा.

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. हजार किलोची गाडी ताशी 140 वरून 70 किलोमीटरवर आणताना सुमारे 570 किलोज्यूल ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. फेरीमागून फेरी ही उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल 230 अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. पण ते हवेतलं बाष्प शोषतं आणि ओलावा मुरला की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत घसरू शकते. तारापूरच्या दमट किनाऱ्यावर म्हणूनच अधिक दक्ष राहावं. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही.

म्हणून ट्रॅकआधी सीलबंद डब्यातलं नवं ऑइल भरा, नळ्यांतली हवा काढून घ्या, जास्त उष्णता सोसणारे पॅड बसवा. अश्वशक्तीचा विचार त्यानंतर करा.