कातळाचा जन्मशक

वसईच्या किल्ल्याच्या तटावरून खाडीपलीकडे दक्षिणेस ज्या टेकड्या दिसतात, त्यांतील डोंगरी गावच्या ऱ्हायोलाइट या ज्वालामुखीजन्य खडकाचे वय शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजले असून, ते एका मोजणीत ६ कोटी २६ लाख व दुसरीत ६ कोटी २९ लाख वर्षे भरले आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली वसईच्या तटाला सुरुंग कसे लावले हे सांगणारे जाणकार या मुलखात पुष्कळ आहेत. पण खालच्या कातळाविषयी विचारले, तर ‘साडेसहा कोटी वर्षे’ हा सरसकट आकडाच बहुधा ऐकू येतो. तो सह्याद्रीच्या कड्याला लागू पडतो, या टेकड्या ज्या साष्टी बेटावर आहेत त्याला नाही. आणि हा भेद निव्वळ तज्ज्ञांचा काथ्याकूट नव्हे, कारण त्यावर जीवाश्मांचा काळ अवलंबून आहे.

मुंबई बेटावर, दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या विसाव्यात साचलेल्या गाळाच्या थरांत, वरळी येथे चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले व इंग्लंडातील विख्यात प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. बेडूक गोड्या पाण्याचा, तेव्हा तेथे तळे असावे, इतके हाडांवरून कळते. ते तळे केव्हाचे, हे मात्र हाडे सांगत नाहीत. कार्बनवरून वय काढण्याची पद्धत सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे निरुपयोगी, आणि गाळाचे कण मोजावेत तर ते ज्या जुन्या खडकाच्या झिजेतून आले, त्याचेच वय हाती येणार. पेशवे दप्तरातील बिनतारखेच्या कागदाचा काळ जसा त्याच्या आगेमागे बांधलेल्या तारीखवार कागदांवरून ठरवावा, तसा येथे वरच्या व खालच्या लाव्हाचा काळ काढून गाळाचा थर त्या दोन मर्यादांत बसवावा लागतो.

लाव्हाची तारीख त्यातील पोटॅशियमपाशी असते. या मूलद्रव्याचा अत्यल्प अंश किरणोत्सर्गी असून, सुमारे १२५ कोटी वर्षांत त्याचा निम्मा भाग नष्ट होतो; नष्ट होणाऱ्या दर दहा अणूंपैकी साधारण एकाचा आर्गॉन वायू होतो व उरलेल्यांचे कॅल्शियम. लाव्हा तप्त असेतोवर हा वायू निसटून जातो. लाव्हा थिजला की वायू स्फटिकांत कोंडला जातो, आणि हिशेब तेथून सुरू होतो. हा हिशेब वाचण्याची सुधारलेली रीत १९६६ साली मेरिह्यू व टर्नर या शास्त्रज्ञांनी मांडली. दगड फोडून, त्यातील कुजका भाग टाकून, निवडलेले कण वय आधीच ठाऊक असलेल्या प्रमाण खनिजासह अणुभट्टीत ठेवावयाचे. तेथील न्यूट्रॉनांच्या माऱ्याने स्थिर पोटॅशियमच्या काही अणूंचा निराळ्या वजनाचा आर्गॉन बनतो, आणि मग पोटॅशियम व आर्गॉन वेगवेगळे न मोजता एकाच वायूच्या दोन प्रकारांचे प्रमाण मास स्पेक्ट्रोमीटरने काढता येते. नमुना एकदम न वितळवता पायरीपायरीने तापवतात, हे यातले खरे मर्म. पावसापाण्याने सडलेल्या कणांतून आर्गॉन गळालेला असेल, तर निरनिराळ्या तापमानांना निरनिराळी वये निघतात. लागोपाठच्या पायऱ्या एकच वय सांगू लागल्या, म्हणजेच दगडाची साक्ष ग्राह्य धरावयाची. कोकणातील पर्जन्यमान पाहता अशी उलटतपासणी अगत्याची आहे, आणि ज्या आकड्यामागे ती नाही, तो कितीही वेळा छापला गेला असला तरी मी मानणार नाही.

हे काम करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा पवईच्या आयआयटीत, म्हणजे वसईपासून लोकलच्या अंतरावर आहे. घाटकोपर-पवईचे लाव्हाप्रवाह व त्यांतून घुसलेल्या दगडी भिंती यांची वये कांचन पांडे, हेतू शेठ प्रभृतींनी २०१७ साली प्रसिद्ध केली, आणि ती डोंगरीच्या वयाशी जुळून सुमारे ६ कोटी २५ लाख वर्षांभोवती एकवटली. भारतापासून सेशेल्सचा भूखंड विलग झाला तो हाच काळ. आणि हे प्रवाह समुद्राकडे कललेले असल्याने, पनवेलपाशी खडकांना पडलेला मोठा बाक त्यांच्याही नंतरचा ठरतो. डायनोसॉर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले होते. तेव्हा मुंबईच्या या थरमालिकेतील वरळीचे बेडूक त्यांचे शेजारी नव्हेत, त्यांच्या पश्चात नांदलेले रहिवासी मानले जातात.

विरारची जीवदानी व तुंगारेश्वर या डोंगरांचा कातळही ज्वालामुखीचाच आहे, आणि वसई तालुक्याच्या पूर्वेस दगडखाणी चालल्या आहेत. खाणमालकांना व मुकादमांना एवढीच विनंती, की दोन काळ्या थरांच्या मध्ये मातकट, पापुद्र्याचा पट्टा लागला, तर तो क्रशरकडे रवाना करण्यापूर्वी काम थांबवून एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास कळवावे, आणि पट्ट्याच्या वरचा व खालचा दगड निरनिराळा, खूण करून ठेवावा. थराची नोंद न ठेवता जागेवरून उचललेल्या जीवाश्माचे वय पुढे कोणतेही यंत्र काढू शकत नाही.